ठिपक्यांचा माग : एका टॉवेल कारखान्यातल्या पाण्याच्या नोंदी, सोलापूर

४ मार्च

पांढऱ्या टर्किश टॉवेलच्या लॉटवर पुन्हा ठिपके. हरभऱ्याच्या डाळीएवढे, पिवळट-तपकिरी, कडेला फिके होत गेलेले. डाईंग मास्तरांनी चार टॉवेल माझ्या टेबलावर आणून टाकले आणि काही न बोलता उभे राहिले. बोलायची गरजही नव्हती. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीनंतर असाच एक लॉट गेला होता, तेव्हा मी सगळं बिल गंजलेल्या पाइपाच्या नावावर फाडलं होतं.

दुपारी कॉम्प्रेसर तेल तापल्यामुळे ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. महिन्यातली तिसरी वेळ.

केमिकलवाल्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं, "साहेब, उन्हाळा आलाय, डोस वाढवा." मागच्या उन्हाळ्यात वाढवला होता, त्याआधीच्याही. शेठना सांगितलं तर म्हणाले, "तीन-चार महिने घ्या, पण केमिकलचं बिल वाढलेलं मला दिसायला नको." म्हणून ही वही.

६ मार्च

मामांना घेऊन सगळी लाइन पायी फिरलो. मामा इथे बावीस वर्षं आहेत. ड्रॉइंगमध्ये नाही ते त्यांच्या डोक्यात असतं. आपण "कारखान्याचं पाणी" म्हणतो खरं, पण ती तीन वेगळी घरं आहेत.

पहिलं डाईंगचं. नळाचं, बोअरचं आणि वेळप्रसंगी टँकरचं पाणी एका हौदात येतं, तिथून सँड फिल्टर, सॉफ्टनर, वरची सॉफ्ट पाण्याची टाकी आणि मग मशिनं. दुसरं कूलिंग टॉवरचं, कॉम्प्रेसरसाठी तेच ९ घनमीटर पाणी गोल फिरत राहतं. तिसरं लूम शेडची हवा दमट ठेवणाऱ्या ह्युमिडिफिकेशन प्लँटचं, नोझलमधून उडतं आणि हवेबरोबर माणसांपर्यंत जातं. तिन्हीकडे आजवर एकाच कॅनमधलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं औषध, जात होतं, आणि तेही "डबाभर" या मापाने.

११ मार्च

परवा डिप स्लाइड बुडवल्या होत्या, आज वाचल्या. प्लास्टिकच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना जिवाणूंचं खाद्य लावलेलं असतं. पाण्यात बुडवायची, नळीत बंद करायची, ३० अंशांवर ४८ तास ठेवायची आणि उगवलेले ठिपके तक्त्याशी ताडून बघायचे. इन्क्युबेटर आमच्याकडे नाही. लॅबच्या लोखंडी कपाटात थर्मामीटर ठेवून पाहिलं, ३१. सोलापुरात मार्चनंतर या कामासाठी वेगळा खर्च नको.

हौद : मिलिलिटरला दहा हजारांच्या आसपास. सॉफ्टनरच्या पुढे : एक लाख. म्हणजे आत जाताना कमी आणि बाहेर येताना दसपट. सॉफ्टनर पाणी मऊ करतोय आणि आत वस्तीही वाढवतोय. त्या रेझिनच्या मण्यांमध्ये जागाच जागा, पाणी संथ, आणि क्लोरीन तिथे जाऊ द्यायचं नाही कारण क्लोरीनने रेझिन खराब होतं.

टॉवर मात्र दहा हजारांच्याही खाली. कुठल्याही तक्त्यात हिरवा रंग. मग कॉम्प्रेसर का तापतोय?

१३ मार्च

सुट्टीच्या पाळीत कॉम्प्रेसरचा ऑइल कूलर उघडला, टॉवरचं पाणी ज्याच्या नळ्यांतून फिरतं तो.

नळ्यांच्या तोंडाशी बोट फिरवलं तर भेंडी चिरल्यावर सुरी जशी लागते तसं लागलं. मातकट, पारदर्शक, जेमतेम अर्धा मिलिमीटर थर. दिसायला काहीच नाही. बोटाने ओढला की सायीसारखा निघतो आणि खाली तांब्या-पितळेचा रंग दिसतो. मामांनी वास घेतला, म्हणाले, "आंबलेल्या पिठागत." बरोबर.

हा थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेला चिकट वाडा, बायोफिल्म. त्यात बहुतेक भाग पाणीच असतं, त्यामुळे उष्णता त्यातून साचलेल्या पाण्यातून जाईल तितपतच जाते. चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा थर यापेक्षा चौपट बरा. आम्ही इतकी वर्षं क्षाराला घाबरत आलो, सॉफ्टनर त्याचसाठी बसवला, आणि गळा दाबला तो या मऊ वस्तूने.

आणि स्लाइड हिरवी का, तेही कळलं. आपण मोजतो पाण्यातले. राहणारे राहतात भिंतीवर.

१६ मार्च

हायपोचं टायट्रेशन केलं. पोटॅशियम आयोडाइड, ॲसिड, थायोसल्फेट, शेवटी स्टार्चचा निळा रंग जातो तो बिंदू. कॅनवरच्या कागदावर १० ते १२ टक्के. हाती आले ५.८. तीनदा केलं, तेवढंच.

पुरवठादारावर ओरडणार होतो, पण आधी जाऊन कॅन कुठे ठेवलेत ते पाहिलं. पत्र्याच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून. दुपारनंतर ऊन सरळ निळ्या प्लास्टिकवर. हायपो ऊन आणि उष्णता दोन्हींनी मरतं. आम्ही निम्मं औषध स्वतःच उकळून घालवत होतो. कॅन जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत हलवले. महिन्याऐवजी दर आठवड्याला थोडे मागवायचे. शेजारीच ॲसिडचे कॅन ठेवायला निघालेल्या हेल्परला वेळेत थांबवलं; हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो आणि ती खोली बिनखिडकीची आहे. ॲसिडला वेगळी जागा, वेगळी बादली, वेगळा फनेल. यात वाद नाही.

२० मार्च, पहाटे ३

टॉवरजवळ खुर्ची टाकून बसलोय. कारण सांगतो. टॉवरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९०० दाखवतोय, मेकअपचा, म्हणजे नव्याने भरल्या जाणाऱ्या पाण्याचा, ४५०. म्हणजे पाणी दुपटीनेच घट्ट होतंय. ब्लोडाऊनचा, म्हणजे घट्ट पाणी सोडून द्यायचा, वॉल्व मी चौपटीच्या हिशोबाने लावलाय, मीटर १,८०० च्या आसपास हवा. पाणी कुठेतरी निसटतंय, आणि दिवसा कुठे दिसत नाही.

एक वाजता दिसलं. ओव्हरफ्लोच्या पाइपातून बारीक धार, मग जाडसर. २० लिटरची बादली बरोबर एका मिनिटात भरली. ताशी १.२ घनमीटर.

रात्री डाईंगची मशिनं बंद असतात. वरची टाकी काठोकाठ भरते, लाइनवर दाब चढतो, आणि टॉवरमध्ये पाणी घेणारा झिजलेला बॉल कॉक तो दाब धरत नाही. सकाळी मशिनं पाणी ओढू लागली की दाब उतरतो, धार थांबते, आणि आठला येणाऱ्या माणसाला सगळं आलबेल दिसतं.

आता बायोसाइडचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचा, डोस आम्ही कधी टाकतो? संध्याकाळी सातला. "रात्रभर फिरू दे" म्हणून.

२१ मार्च

कालचा हिशोब नीट मांडून ठेवतो, पुढे कुणालाही उपयोगी पडेल.

टॉवरमधून ताशी ६० घनमीटर पाणी फिरतं, ६ अंश थंड होतं. त्यात ताशी साधारण ०.५५ घनमीटर वाफ होऊन उडतं. चौपट घट्ट ठेवायचं तर त्याचा तिसरा हिस्सा, ०.१८, सोडून द्यायचा. ९ घनमीटरच्या व्यवस्थेत या गतीने टाकलेलं औषध निम्म्यावर यायला सुमारे ३५ तास लागतात. भरपूर वेळ.

त्यात रात्रीचे आठ तास १.२ ची गळती मिळवा. सकाळी जेमतेम ३० टक्के औषध उरतं. आयसोथायाझोलिनोनसारखं सावकाश मारणारं औषध काम सुरू करेपर्यंत गटारात. तीन वर्षं आम्ही गटाराचं निर्जंतुकीकरण करत होतो, आणि सॉफ्ट पाण्याने.

बॉल कॉक बदलला. किंमत लिहीत नाही, लाज वाटते.

२८ मार्च

पाणी चौपट घट्ट व्हायला लागलं तसा पीएच ८.५ वर गेला. अपेक्षितच होतं, पण यातून नवी अडचण. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं. मारण्याचं काम मुख्यतः हायपोक्लोरस ॲसिडचं. पीएच ७.५ ला ते साधारण निम्मं असतं, ८.५ ला जेमतेम १० टक्के. क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकली की पाणी छान गुलाबी होतं, आपण खूश होतो, पण त्या गुलाबीत दहा सैनिकांमागे नऊ बिनहत्यारी.

ॲसिड टाकून पीएच उतरवता येतो. रात्रपाळीच्या भरवशावर ॲसिड डोसिंग मला नको. त्यापेक्षा हायपोबरोबर सोडियम ब्रोमाइड : त्यातून हायपोब्रोमस ॲसिड बनतं, आणि ८.५ ला त्याचा निम्म्याहून जास्त भाग कामाच्या रूपात राहतो. टॉवरसाठी हेच पक्कं. सोबत बायोडिस्पर्संट, म्हणजे थर सैल करणारा साबणी प्रकार, डोसच्या तासभर आधी. डोस सकाळी दहाला, माणूस समोर असताना. टॉवरच्या वरच्या डेकवर ऊन पडून शेवाळ माजतं, तिथे हिरवी जाळी नाही तर पत्रा टाकला.

३ एप्रिल

घरी पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आज पहाटे आलं. बायको उरलेलं पाणी ओतून टाकून बॅरल आडवं करून काथ्याने आतून घासत होती. मी म्हटलं, "पाणी येऊन जाईल, भर की आधी, तुरटी फिरव." ती म्हणाली, "भिंत बुळबुळीत असली तर तुरटी काय करणार ओ?"

कारखान्यात वरची सॉफ्ट टाकी शेवटची कधी घासली, याची नोंद शोधली. नाही.

५ एप्रिल

टाकी रिकामी करून घासली. झाकण फायबरचं, पांढरट, उजेड आरपार. आतल्या भिंतीवर हिरवा पट्टा बरोबर झाकणाखाली, उजेड पोचतो तिथपर्यंतच. झाकणाला बाहेरून काळा रंग. आत उतरण्याआधी ब्लोअर, दोर आणि बाहेर एक माणूस. मामा वैतागले, तरी तसंच. सॉफ्टनरचं रेझिन पेरासेटिक ॲसिडने धुतलं, डोस रेझिनवाल्याच्या पत्रकाप्रमाणे, आणि नंतर भरपूर पाण्याने. पुढची स्लाइड : एक लाखाऐवजी हजार.

ठिपके मात्र परवा पुन्हा एका लॉटवर. कमी, पण आले.

१५ एप्रिल

काल जयंतीची सुट्टी, कारखाना पूर्ण बंद. मला हवीच होती. आज सकाळी मशिनं सुरू होण्याआधी प्रत्येक मशिनच्या तोंडाशी पहिली बादली वेगळी, दहा मिनिटं पाणी सोडल्यानंतरची वेगळी.

स्लाइडची वाट बघायची गरज पडली नाही. पहिल्या चार मशिनांचं पाणी स्वच्छ. पाचव्याच्या पहिल्या बादलीत बारीक तपकिरी भुसा तरंगत होता. चिमटीत धरला की विरघळतो. दहा मिनिटांनी तेही स्वच्छ. गड्ड्यानंतर ठिपके, सुट्टीनंतर ठिपके, मास्तर जानेवारीपासून हेच सांगत होते, "सुट्टीनंतरचा पहिला लॉट." मी ऐकलं नव्हतं.

१७ एप्रिल

पाचव्या मशिनच्या मागे लाइन पुढे जाते. कुठे? ड्रॉइंगमध्ये तिथेच संपते. मामा म्हणाले, "जुनं जेट डाईंग मशिन होतं की तिथं. भंगारात काढलं." मशिन गेलं, पाइप राहिला. पत्र्याखालून १४ मीटर, तीन इंची, शेवटी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे बोल्टने बसवलेलं बंद झाकण. आत साधारण ६५ लिटर पाणी, किती वर्षांचं कोण जाणे.

वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून बोल्ट सैल केले. आधी हिस्स आवाज, मग सडक्या अंड्याचा असा भपका की तिघेही चार पावलं मागे. मग पाणी आलं, काळं, डांबरासारखं नाही तर शाई पातळ केल्यासारखं. शेवटी घट्ट गोळे. फ्लँजच्या आतल्या तोंडावर गंजाच्या गाठी. स्क्रू ड्रायव्हरने एक गाठ उचलली तर खाली चकचकीत धातूचा खड्डा, करंगळीचं टोक बसेल एवढा.

वास हायड्रोजन सल्फाइडचा. थराच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू बसतात आणि लोखंड खात जातात. पाइपावर दिवसभर पत्र्याचं ऊन, पाणी कोमट होऊन फुगतं. पंप चालू-बंद होताना दाबाचे हिसके बसतात. दर हिसक्याला यातलं थोडं मुख्य लाइनमध्ये. गंज धरून बसलेला चिकट भुसा पांढऱ्या टॉवेलच्या लूपमध्ये अडकला की ठिपका.

कितीही हायपो टाकलं असतं तरी तिथे पोचलं नसतं, कारण तिथे पाणीच जात नाही. पाइप टी पासून कापला. १९ एप्रिलची भर : दोन दिवस अजून असे डेड एंड शोधले, चार सापडले. एक तर कँटीनच्या जुन्या बेसिनचा.

२४ एप्रिल

उत्साहाच्या भरात एक चूक. आता लाइन स्वच्छ आहे तर तशीच राहावी म्हणून हौदात हायपो थोडं जास्त टाकलं. सॉफ्टनरच्या आधी उतरेल असं गृहीत धरलं. आज मास्तर आले, फिकट निळ्याचा शेड नमुन्यापेक्षा पडलेला. मशिनच्या तोंडाशी डीपीडी गुलाबी.

रिॲक्टिव्ह रंगाला क्लोरीन चालत नाही, हे मला माहीत होतं. जंतू मारणारं क्लोरीन रंगही मारतं. डाईंगच्या पाण्याचं दुखणं हेच आहे : टॉवरमध्ये क्लोरीन कायम ठेवता येतं, इथे शेवटच्या टप्प्यात शून्य हवं. कार्बन फिल्टर लावा असं एकाने सुचवलं. कार्बन वरच्या थरातच क्लोरीन खातो आणि खालचा सगळा थर बिनक्लोरीनचा, भरपूर पृष्ठभागाचा. सॉफ्टनरसारखंच दुसरं वसतिगृह. नको.

ठरलं ते असं. हायपो फक्त हौदाला, मोजून. सॉफ्टनरच्या आधी सोडियम थायोसल्फेटचा बारीक डोस. पुढच्या लाइनला औषध नाही. टाकी दर महिन्याला घासायची आणि सुट्टीनंतर दहा मिनिटं लाइन सोडून द्यायची. ते पाणी वाया नाही, हौदात परत.

६ मे

ह्युमिडिफिकेशन. इथे मी सगळ्यात जास्त घाबरून काम केलं.

शेडमधली कामगार मंडळी दोन वर्षं सांगतात, "सकाळी प्लँट चालू केला की ओल्या घोंगडीचा वास येतो." आम्ही अगरबत्ती लावा म्हणालो होतो. टाकी उघडली तर पाण्यावर उडालेल्या रुईची साय, तळाशी तीन बोटं चिखल. रुई म्हणजे जिवाणूंना अन्नही आणि घरही.

या पाण्याचे तुषार होतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली. पुढच्या जानेवारीत जिवाणू सापडला, नाव पडलं लिजिओनेला. साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, थरात लपतो, तुषारांतून फुप्फुसात जातो. आमची टाकी २८ वर. दुसरीकडे, उपाय म्हणून इथे बायोसाइड टाकलं तर तेही तुषारांबरोबर माणसांच्याच नाकात जाणार. आयसोथायाझोलिनोनने कातडीला ॲलर्जी होते, हे त्याच्या कागदावरच लिहिलेलं असतं. म्हणून नियम : प्लँट चालू असताना पाण्यात औषध नाही. दर सुट्टीला टाकी रिकामी, चिखल काढणे, घासणे, पंखा बंद ठेवून हायपोचं पाणी तासभर नोझलमधून फिरवणे, धुणे, ताजं पाणी. घासणाऱ्याला साधा रुमाल नाही, एन-९५ मास्क. आत येणाऱ्या हवेची जाळी रोज झाडायची.

शेठ म्हणाले पाणी जास्त लागेल. लागेल.

१७ मे

ईटीपीवाल्याचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवरच्या माणसाचा, फोन, एरेशन टँकमध्ये प्राणवायू २ वरून साडेपाचला चढला, फेस पांढरा झालाय. प्राणवायू वाढला म्हणजे चांगलं नव्हे, घाण खाणारे जिवाणू मेले. काल ह्युमिडिफिकेशनचं हायपोचं पाणी तसंच नाल्यात सोडलं गेलं होतं. इकडे मारायचे तेच तिकडे पाळायचे, हे लक्षात ठेवणारा एक माणूस पाळीत हवा. आता सोडण्याआधी थायोसल्फेट, मग डीपीडी, बिनरंगी आलं तरच वॉल्व उघडायचा. टॉवरलाही बायोसाइडच्या दिवशी २४ तास ब्लोडाऊन बंद. २५ मेची भर : ईटीपी सावरायला आठ दिवस लागले.

२६ मे

उजनी धरण मायनसमध्ये. नळाचं पाणी हिरवट आणि मातकट वासाचं, टँकर वाढले. हौदात रोजच्या मापाने हायपो टाकलं तर अर्ध्या तासात डीपीडी कोरी. सेंद्रिय घाण आधी क्लोरीन खाते, उरलं तर जंतूंना. "डोस वाढवा" हे उत्तर या एका महिन्यापुरतं खरं निघालं, केमिकलवाल्याला तसं कळवलं. मात्र माप डब्याचं नाही : सकाळी एका बादलीत थोडं थोडं टाकून, अर्धा तास थांबून ०.५ पीपीएम उरेल तो आकडा, आणि तोच हौदाला.

१४ जून

पाऊस झाला. गंमत अशी की ४३ अंशांच्या मेमध्ये टॉवरचं पाणी २८ पर्यंत उतरत होतं, आता बाहेर ३२ असून पाणी ३० च्या खाली येत नाही. कोरड्या हवेत वाफ जोरात होते, दमट हवेत नाही. तरीही कॉम्प्रेसर मार्चनंतर ट्रिप नाही. कूलर परत उघडला, नळ्यांत बोट फिरवलं. बोट कोरडं नाही, पण घसरतही नाही.

३० जून

डाईंगच्या पाण्याची स्लाइड : शंभर ते हजार. १७ एप्रिलनंतर ठिपक्यांचा लॉट नाही. मास्तर अजून सुट्टीनंतरचा पहिला लॉट रंगीत लावतात, पांढरा नाही. माझ्यावर विश्वास नाही असं म्हणत नाहीत, फक्त लावत नाहीत.

केमिकलचं बिल मार्चच्या तुलनेत कमी, ब्रोमाइड धरूनही. पाण्याचं ह्युमिडिफिकेशनमुळे वाढलं, पण बॉल कॉकने वाचवलेलं त्याहून जास्त.

बाकी : ह्युमिडिफिकेशनच्या पूर्वेकडच्या टाकीत अजून दहा हजार. तिचा ड्रेन तळापासून चार इंच वर आहे, तेवढं पाणी दर वेळी आतच राहतं. वेल्डर रविवारी येतोय.